सात नंबरची नळी

शुक्रवारपर्यंत फ्रीझर रिकामा करायचा होता. आमची संस्था स्टॉकहोमच्या दुसऱ्या टोकाला नव्या इमारतीत जाणार होती आणि जुनं सामान तिकडे न्यायचं नाही, असा नव्या प्रमुखबाईंचा हुकूम होता. प्रमुखबाई म्हणजे तोवा. वय चौतीस, पोर हुशार आहे, फक्त बोलताना फोनकडे बघते. मी तिच्याहून तीस वर्षांनी मोठी आणि त्याच महिनाअखेरीला निवृत्त होणार होते, म्हणजे जुन्या सामानात माझीही गणना होतीच. तिनं मला यादी दिली. ज्या नमुन्यांची संमतीपत्रं सापडत नाहीत ते टाकून दे, म्हणाली.

उणे ऐंशी अंशांच्या त्या फ्रीझरमध्ये चाळीस वर्षांच्या मांड्या होत्या. हसू नका, आमचा धंदाच तो. माणसाची मांडी बधिर करायची, नखाएवढा छेद द्यायचा, त्यातून पोकळ सुई आत घालायची, जवाच्या दाण्याएवढा स्नायू काढायचा आणि तो लगेच द्रव नायट्रोजनमध्ये बुडवायचा. मग सवडीनं बघायचं, की त्यात मायटोकाँड्रिया किती आहेत आणि किती कामाच्या आहेत. मायटोकाँड्रिया म्हणजे पेशीतल्या चुली. आपण खातो ते शेवटी तिथं जळतं. माणूस रोज दमला की स्नायू आत नव्या चुली मांडतो, बसून राहिला की हळूहळू मोडून टाकतो. माझं अख्खं आयुष्य या चुली मोजण्यात गेलं.

अगदी खालच्या कप्प्यात, मागच्या बाजूला, बर्फात रुतलेला एक पत्र्याचा डबा निघाला. लाकडी हातोडीनं ठोकून तो मोकळा केला. झाकणावर शिसपेन्सिलीनं लिहिलेलं माझंच अक्षर होतं. हेगोसेन, मार्च १९७४. आत सात नळ्या. सहा नळ्यांची लेबलं स्वच्छ होती, सातव्या नळीच्या लेबलावर तांबडी रेघ मारलेली होती.

ती सात नंबरची नळी म्हणजे माझी आई. मी डबा कोरड्या बर्फाच्या पेटीत ठेवला आणि स्टुलावर बसले.

*

हेगोसेन हे येम्तलांदमधलं माझं गाव. उत्तरेला, नॉर्वेच्या बाजूला. तिथून मी एकविसाव्या वर्षी स्टॉकहोमला आले, वर्षभराचा कोर्स केला आणि एलोफ सँदेलच्या प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून लागले. एलोफ तेव्हा एकोणचाळीसचा. डॉक्टर असूनही सगळे त्याला एलोफच म्हणत आणि तू म्हणत, कारण त्या सुमाराला सगळ्या देशानंच एकमेकांना तू म्हणायचं ठरवलं होतं. मला सुरुवातीला जीभ वळायची नाही. गावाकडे आम्ही पाद्रीबाबांना नुसतं तुम्ही म्हणायलाही बिचकत होतो, "पाद्रीबाबा बसणार का?" असं विचारायचो.

किती चांगले दिवस होते ते. सकाळी नऊला कॉफी, दुपारी तीनला कॉफी, सोबत वेलदोड्याचे पाव, आणि त्या टेबलावर जे ठरायचं तेच शास्त्र. आमच्याकडे एक रीत होती. दुसऱ्याच्या मांडीत सुई घालायची तर आधी स्वतःची मांडी पुढे करायची. बाहेरगावी नमुने घ्यायला गेलो तरी आमच्यातल्या एकानं तिथं आपलाही दाणा द्यायचाच. उन्हाळ्यात सगळे मिळून तळ्यावर पोहायला गेलो की किनाऱ्यावरचे लोक टकामका बघत, कारण प्रत्येकाच्या मांडीवर बारीक पांढऱ्या रेघा. एलोफच्या एकोणीस, बिर्येरच्या बारा, माझ्या चार. बिर्येर त्याचा उजवा हात. दर मार्चमध्ये नव्वद किलोमीटरची स्कीची शर्यत धावायचा आणि आपल्या चुलींचा त्याला भलताच गर्व. "माझ्या मांडीवर अख्ख्या प्रयोगशाळेचं जेवण शिजेल," असं तो म्हणायचा आणि आम्ही हसायचो.

पण मी जरा धडपडी होते. पहिल्याच शरद ऋतूत मी सहा स्कीपटूंच्या नळ्यांवर शाईच्या पेनानं नावं घातली. नायट्रोजनच्या गारठ्यानं शाई सुटली आणि सहा कोऱ्या नळ्या हातात आल्या. कुठली मांडी कुणाची ते ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. एलोफ ओरडला नाही. तो कधीच ओरडत नसे, तेच वाईट होतं. एवढंच म्हणाला, की तुझी नोकरी मे महिन्यापर्यंत कच्ची आहे सिगब्रित, आणि पुन्हा असं झालं तर मला ती पक्की करता येणार नाही. तेव्हापासून मी शिसपेन्सिलीशिवाय काही लिहीत नाही.

त्या हिवाळ्यात एलोफला एका प्रश्नानं पछाडलं होतं. मेहनत करणाऱ्याच्या चुली वाढतात आणि त्या चरबी छान जाळतात, हे दिसत होतं. पण जो चरबी भरपूर खातो आणि मेहनत करत नाही, त्याचं काय? नुसतं सरपण आणून टाकलं तर चुली वाढतात का? या प्रश्नाला उंदीर एक उत्तर देतात आणि माणसं दुसरं, भांडण अजून मिटलेलं नाही. एलोफला तेव्हा हवी होती लोण्या-चरबीवर जगणारी आणि बसून असलेली माणसं. आणि मी तीनच्या कॉफीला तोंड उघडलं. म्हटलं, आमच्या गावात चला. लोणी, साय आणि खारवलेलं डुकराचं मांस याशिवाय तिथं कुणी काही खात नाही, आणि व्यायाम कुणी बापजन्मात केलेला नाही.

हे मी अगदी मनापासून बोलले होते.

*

मार्चमध्ये आम्ही तिघं एलोफच्या मोटारीतून गेलो. मागच्या सीटवर माझ्या पायांमध्ये नायट्रोजनचा कॅन. गावातल्या शाळेत पाच बायकांनी मांड्या दिल्या. पाचही जणींनी दहा वर्षांपूर्वीच गाई विकलेल्या, कुणी दुकानात कामाला, कुणी टपाल कचेरीत. सहावी नळी रीतीप्रमाणे आमच्यातल्या एकाची, म्हणजे बिर्येरची. सातवी माझ्या आईची घ्यायची होती. ती काही शाळेत आली नाही, तिला वेळ नव्हता, म्हणून मीच घरी गेले. एलोफ आणि बिर्येर सामान आवरून मागून येणार होते.

आई घरात नव्हती. ती वर गेली होती. मी लहान असतानाच वडील गेले आणि आम्ही रस्त्याकडेच्या छोट्या घरात राहायला आलो, पण गाई वरच्या जुन्या वाडीतच होत्या, चार गाई, आणि ती त्यांना हलवायला तयार नव्हती. मी तिच्या स्वयंपाकघरात बसले, पातळ रोटीवर लोणी थापून खाल्लं, आणि ती येईपर्यंत वेळ कशाला घालवा म्हणून तिचा फॉर्म भरून टाकला. नावाऐवजी आकडा, सात. वय चौपन्न. काम, घरकाम. आहार, लोणी, साय, मांस, रोटी, बटाटे. व्यायाम, आठवड्याला किती तास? शून्य. खाली तारीख आणि वेळ लिहिली, दुपारचे सव्वाचार. मला फॉर्म नीटनेटका भरायची मोठी हौस.

पाच वाजता आई आली. तोवर हे दोघंही येऊन ठेपले होते. एलोफनं हात पुढे केला आणि म्हणाला, तू योर्दिस ना? आईनं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. तिच्या सख्ख्या दिरानंही तिला भेटीच्या पहिल्या मिनिटाला तू म्हटलं नसेल. मग ती म्हणाली, "डॉक्टर आधी कॉफी घेणार की आधी कापणार?" कॉफी आधी झाली. तिनं कपात चीजचे तुकडे टाकून त्यावर कॉफी ओतली, स्वतः बशीत ओतून, दातात साखरेचा खडा धरून प्यायली. मग स्वयंपाकघरातल्या बाकड्यावर आडवी झाली. सुई पाहून म्हणाली, गाईला याच्याहून मोठी टोचतात.

मी लेबल लिहिलं, शिसपेन्सिलीनं, आणि दोनदा तपासलं.

*

एप्रिलमध्ये मोजमाप झालं. पाच बायकांच्या चुली बेताच्याच होत्या, स्टॉकहोमच्या कारकुनांएवढ्या. सहा नंबरच्या, म्हणजे बिर्येरच्या, उत्तम. सात नंबरच्या बिर्येरच्या दीडपट होत्या.

मी तीन वेळा मोजलं. तिन्ही वेळा तेच. आकडे टेबलावर ठेवले तेव्हा बिर्येर आधी हसला, मग त्याचे कान लाल झाले. म्हणाला, पोरीनं नळ्या बदलल्यात, दुसरं काय? मी सात आहे आणि तिची आई सहा. कुणीतरी म्हणालं, असं धरलं तरी आईच्या चुली पाच जणींच्या दुप्पट निघतात. ते त्याला ऐकू गेलं नाही. पुरुषाचा अभिमान आडवा आला की शास्त्र बाजूला बसतं, हे मी पुढे बऱ्याचदा पाहिलं.

एलोफनं मला खोलीत बोलावलं. आपलं काम पक्कं असेल तर घाबरू नकोस, म्हणाला, पण शरदातली गोष्ट त्याच्याही मनात होती आणि माझ्याही. मार्ग एकच होता. आईची मांडी पुन्हा घ्यायची, या वेळी लेबल तो स्वतः लिहिणार. आकडा तोच आला तर मी राहणार. नाही आला तर मे महिन्यात मी हेगोसेनला परत, दुकानातल्या गल्ल्यावर.

मी आईला फोन केला. रडतच सांगितलं. ती म्हणाली, "रडतेस कशाला? मांडी काही कुठं गेली नाही. ये."

बिर्येर आला नाही, मी आणि एलोफ दोघंच गेलो. एप्रिल संपत आला होता, रस्ता मोकळा झाला होता, पण डोंगरावर अजून बर्फ होता. पोचलो तेव्हा चार वाजून गेले होते. दार उघडंच होतं, चुलीवर कॉफीचं भांडं, आई नव्हती.

"कुठं गेली?" एलोफनं विचारलं.

"वर गेलीये. येईल पाचपर्यंत."

"वर म्हणजे माळ्यावर?"

"माळ्यावर कशाला? वर, वाडीवर. गाईंकडे." मी खिडकीतून बोट दाखवलं. डोंगराच्या खांद्यावर, देवदारांच्या वर, करड्या छपराचा ठिपका दिसत होता.

एलोफ खिडकीशी गेला आणि बराच वेळ बघत राहिला. "किती लांब आहे ते?"

"चार किलोमीटर असेल."

"रोज जाते?"

"सकाळ-संध्याकाळ. गाई काय एकदाच दूध देतात?"

"कशी जाते?"

"स्कीवर. मग काय उडत जाईल?"

बोलले आणि माझं बोलणं माझ्याच कानांवर आलं. दिवसाला सोळा किलोमीटर. निम्मे चढाचे, परत येताना पाठीवर दुधाचा कॅन. मी स्वतः बारा वर्षांची होईपर्यंत तिच्या मागे मागे तेच करत आले होते. शाळेत स्कीच्या शर्यतीत पहिली आले तेव्हा बाईंनी विचारलं, सराव करतेस का? आणि मी म्हटलं होतं, नाही. आमच्याकडे व्यायाम म्हणजे शहरातले लोक रंगीत टोप्या घालून करतात तो. वर जाणं म्हणजे वर जाणं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, आणि तो वळसा मी एलोफला सहाशे किलोमीटरचा घालायला लावला होता, दोनदा.

एलोफनं बॅगेतून फॉर्म काढला आणि टेबलावर ठेवला. व्यायामाच्या रकान्यावर बोट ठेवलं. नळ्या बदलल्या नव्हत्या, हे आता त्यालाही कळलं होतं. पण शून्य लिहिलेलं होतं. चुकीच्या माहितीवर त्यानं महिनाभर डोकं फोडलं होतं, आणि शरदातल्या शाईनंतर ही दुसरी चूक. मी तोंड उघडलं असतं तर तिथंच संपलं असतं. मी खिडकीतून बघत राहिले.

आई आली. उतारावरून ती येताना दिसली, गुडघे वाकवून, दोन्ही काठ्या एका हातात, दुसरा हात मागे कॅनला. दारात स्की उभे करून ती आत आली. गाल लाल, पण श्वास जरासुद्धा लागलेला नव्हता. तिनं एलोफकडे पाहिलं, फॉर्मकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

एलोफनं विचारलं, "योर्दिस, इथं व्यायाम शून्य लिहिलंय. हे कुणी सांगितलं?"

सांगायला हवं, की आई खोटं बोलत नसे. गावात दोन शेजाऱ्यांत बांधाच्या दगडावरून भांडण झालं, तेव्हा दोघंही म्हणाले होते, योर्दिस सांगेल तिथं दगड. मोजणीवाल्याला बोलवलंच नाही. आता तिनं पाठीवरचा कॅन उतरवून खाली ठेवला, आणि बोलली एलोफशी, पण नजर माझ्यावर होती.

"मीच सांगितलं. डॉक्टरांच्या कागदात काय भरायचं ते मला कळलं नाही, म्हणून ठोकून दिलं. पोरीनं विचारलं होतं. तिची चूक नाही."

"नक्की?"

आमच्याकडे हो म्हणायला शब्द लागत नाही. ओठ आवळून श्वास आत ओढला, की झालं हो. आईनं तसा श्वास ओढला. मी काही बोलले नाही.

मग ती बाकड्यावर आडवी झाली आणि दुसरी मांडी पुढे केली. एलोफनं लेबल लिहिलं. आम्ही निघताना तिनं त्याला लोण्याचा गोळा बांधून दिला आणि म्हणाली, हे हिवाळी लोणी, पांढरं असतं. उन्हाळ्यात गाई वर चरतात तेव्हाचं पिवळं धमक. डॉक्टर तेव्हा यावेत.

*

दुसरा आकडा पहिल्याला जुळला. बिर्येर आठवडाभर माझ्याशी बोलला नाही, मग एकदा तीनच्या कॉफीला स्वतःचा पाव माझ्या बशीत ठेवला. मे महिन्यात नोकरी पक्की झाली. एलोफनं नळीच्या लेबलावर आणि वहीत सात नंबरवर तांबड्या पेन्सिलीनं रेघ मारली, वहीच्या समासात लिहिलं, माहिती अविश्वसनीय, वगळले. निबंध पाच बायकांवर छापून आला.

आईशी त्याबद्दल मी कधी बोलले नाही. दर उन्हाळ्यात घरी जायचे, तिच्या मागून वर जायचे, धापा टाकायचे. ती वळून म्हणायची, "शहरात काय खायला घालतात गं तुला?" बास, एवढंच. मला वाटायचं, ती विसरली. तिला काय फरक पडतो? स्टॉकहोममधल्या एका वहीतली रेघ. असं मी स्वतःला वर्षानुवर्षं सांगत आले, आणि खाई त्याला खवखवे म्हणतात, तसं ते दर वेळी घशात खवखवायचंच.

एक्क्याण्णवमध्ये ती गेली. घर आवरताना तिच्या भजनाच्या पुस्तकात एक पत्र सापडलं. आमच्याच संस्थेचं, छापील. प्रयोगात भाग घेतलेल्या सगळ्यांना निकाल कळवायला पाठवायचो तसं. तिच्या पत्रात होतं: आपण दिलेली माहिती विश्वासार्ह नसल्यामुळे आपला समावेश केलेला नाही, सहकार्याबद्दल आभारी आहोत. ती पाकिटं मीच भरली होती. गावातल्या बायकांची सहाच्या सहा मी चिकटवली होती, आणि त्यात काय लिहिलंय ते वाचलंही नव्हतं. सतरा वर्षं दर रविवारी चर्चमध्ये तिनं ते पुस्तक उघडलं असेल. जिच्या शब्दावर गावात दगड रोवले जात, तिनं हे जपून ठेवलं होतं. का ठेवलं, ते मला माहीत नाही. फाडून चुलीत टाकायला तिला कुणी अडवलं नव्हतं.

*

मी स्टुलावरून उठले आणि एलोफला फोन लावला. तो आता ऐंशीचा, उप्सालात असतो, गुडघे गेलेत, आवाज तसाच आहे. म्हटलं, हेगोसेनचा डबा सापडलाय. मग म्हटलं, "सात नंबरचं शून्य मी लिहिलं होतं. आई घरात नव्हती. मी तिला विचारलंसुद्धा नव्हतं."

"माहीत आहे," एलोफ म्हणाला.

मला वाटलं, त्याला नीट ऐकू आलं नाही.

"फॉर्मवर तू वेळ लिहिली होतीस, सिगब्रित. सव्वाचार. दुसऱ्या वेळी सव्वाचारला ती कुठं असते ते मी खिडकीतून पाहिलं."

"मग रेघ का मारलीस?"

फोनमध्ये खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मागे कुणीतरी भांडी लावत होतं. "ती माझ्याशी बोलत होती, पण बघत तुझ्याकडे होती. तुझी नोकरी मागतेय, ते मला कळलं. ती कधी काही मागणाऱ्यातली नव्हती, म्हणून दिलं." मग म्हणाला, "तू येऊन सांगशील असं वाटलं होतं. काही वर्षं वाट बघितली मी."

मला हो म्हणायचं होतं. फोनमध्येच ओठ आवळून श्वास आत ओढला. त्याला ते ऐकू गेलं असणार, कारण तो म्हणाला, वही अजून तुझ्याकडेच आहे ना?

वही कपाटात होती. पण आधी मी नळी घेतली. तोवाकडे जाऊन म्हटलं, एक नमुना टाकायच्या आधी मोजणार आहे. ती म्हणाली, चाळीस वर्षांचा? त्यात काय जिवंत असणार? म्हटलं, बघू. तिनं पहिल्यांदाच फोन खाली ठेवला आणि माझ्याबरोबर आली.

नळीत उरलेला अर्धा दाणा काचेच्या दांड्यानं कुटला, बर्फावर ठेवून, घाई न करता. आमच्या या चाचणीत रंग सांगतो. स्नायूतलं द्रव्य अजून काम करत असेल तर पाण्यासारखं मिश्रण पिवळं होत जातं, जितकं काम जास्त तितकं लवकर. मी सगळं मिसळलं आणि काचेची डबी उजेडात धरली. पहिल्या मिनिटात काहीच झालं नाही. तोवा काही बोलली नाही, त्याबद्दल मी तिची ऋणी आहे. मग तळाशी पिवळट छटा आली, वर चढली, आणि बघता बघता डबी पिवळी धमक झाली. जुलै महिन्यात आई लाकडी साच्यातून काढायची ते लोणी तसंच असायचं.

"कोण आहे हे?" तोवानं विचारलं. "कुणी स्कीपटू?"

"माझी आई. गाई होत्या तिच्या."

मी तिला सगळं सांगितलं. मी आयुष्यात कुणाला सांगितलं नव्हतं ते त्या चौतीस वर्षांच्या पोरीला उभ्या उभ्या सांगितलं आणि शेवटी मला रडू आलं. तिनं कागदाचा रुमाल शोधला, मिळाला नाही, तर फिल्टर पेपर दिला.

दाणा चाचणीत संपला होता, टाकायला काही उरलं नाही. मग मी वही उघडली. तांबडी रेघ अजून ठसठशीत होती, समासातली ओळही. त्याखाली मी शिसपेन्सिलीनं लिहिलं, कारण गारठ्यात शाई सुटते, पेन्सिल सुटत नाही. व्यायाम, रोज सोळा किलोमीटर, पाठीवर दूध. माहिती खरी. चूक लिहिणाऱ्याची. खाली माझी सही.

आमच्या वहीत फक्त आकडा लिहायचा असतो, नाव कधीच नाही. तो नियम मी एकेचाळीस वर्षं पाळला आणि नव्या मुलींना शिकवला. सातच्या आकड्यापुढे मी लिहिलं, योर्दिस मोर्तेन्सोन, हेगोसेन. तोवानं वाचलं, आणि वही बंद करून नव्या इमारतीत न्यायच्या खोक्यात ठेवली.